चारचौघांत पीपीटी

हळू बोलते, पण नीट ऐका. आमच्या ओळखीतल्या एका सद्गृहस्थांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या गळतीवर पीपीटी दाखवली. बावीस स्लाइडची! टाकी एक, गळती एक, प्लंबरचं कोटेशन एक, आणि स्लाइड बावीस. पहिलीवर गणपती, दुसरीवर 'अजेंडा', तिसरीवर टाकीचा फोटो गिरक्या घेत आला आणि मधोमध थबकला. 'गळतीची कारणे' या मथळ्याखाली एकेक मुद्दा उजवीकडून सुसाट यायचा आणि गृहस्थ तो मोठ्यांदा वाचून दाखवायचे. सभेत दोन निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, पण त्यांनाही सूट नाही. शेवटी गुलाबाच्या फुलासकट 'धन्यवाद'. टाळ्या पडल्या हो! गळतीचा ठराव मात्र वेळ संपल्यामुळे पुढच्या सभेवर गेला.

आणि तुम्हाला वाटतंय हा एकटाच? पुनर्विकासाचा बिल्डर पीपीटीशिवाय सोसायटीची पायरी चढत नाही, हे एक वेळ समजू शकते. त्याला आपला कार्पेट एरिया पडद्यावर तरी वाढवून दाखवायचा असतो. पण तिसरीतल्या पोरांना 'पाण्याचे महत्त्व' या विषयावर पीपीटी? ती करतं कोण, तर बाप, रात्री अकरा वाजता. आई मागून सांगते, 'अहो, तो थेंब जरा उड्या मारत येऊ द्या ना.' एकसष्टीला सत्कारमूर्तींचे मुंजीपासूनचे फोटो सॅक्सोफोनच्या सुरावर एकमेकांत विरघळत राहतात आणि तिकडे मठ्ठा कोमट होतो. एका भिशीतल्या बायकांनी केदारनाथच्या सहलीचा हिशेब पाय चार्टमध्ये मांडल्याचंही कानावर आलंय. त्यात 'खेचर' अशी वेगळी फोड होती म्हणे. नावं घेत नाही.

पण हे सगळे हौशी. खरे रंग पाहायचे तर पुण्यात हिंजवडीला जा, खराडीला जा, मुंबईत बीकेसीला जा.

तिथे कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेलं एखादं पोर गुरुवारी संध्याकाळी बॅग आवरत असतं. वरिष्ठ येतात, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, 'उद्या सकाळी रिव्ह्यू आहे. दोन-तीन स्लाइड टाकून दे ना.' 'पाच मिनिटांत पोचतो'नंतर आपल्याकडे सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं ते हेच. त्या दोन-तीनच्या मध्यरात्रीपर्यंत अठरा होतात. कोणासाठी, कशासाठी, पाहणाऱ्याने शेवटी करायचं काय, हे वरिष्ठांनी सांगितलेलं नसतं आणि पोराने विचारलेलं नसतं. विचारलं तर आपल्याला काही येत नाही असं वाटेल ना! मग ते बिचारं जुनी पीपीटी उघडतं. प्रत्येक ऑफिसात अशी एक पूर्वापार चालत आलेली फाइल असते. ती करणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला, त्यातल्या तळटीपांचा अर्थ त्याच्याबरोबर गेला, स्लाइड मात्र गादी चालवतायत. तारीख बदलायची, लोगो बदलायचा, 'सेव्ह ॲज' करायचं. आणि सकाळी, भरल्या मीटिंगमध्ये, चौदाव्या स्लाइडच्या कोपऱ्यात आधीच्या क्लायंटचं नाव! समोर बसलाय नवा क्लायंट. उखाणा घेताना नवरदेवाने भलत्याच मुलीचं नाव घ्यावं, तशी शांतता. हे एका ठिकाणी खरंच घडलं. कुठे ते विचारू नका, माझी भाची अजून तिथेच कामाला आहे.

बरं, पीपीटीला इतकं डोक्यावर घेतलंत, पण तिचं खानदान विचारलंत का कधी? मी विचारलं. आपण समजतो तशी ती मायक्रोसॉफ्टच्या घरात जन्मलेलीच नाही. दत्तक आहे, दत्तक! कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या एका छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी तिला वाढवलं. तेव्हाचं नाव 'प्रेझेंटर'. ते चालेना म्हणून 'पॉवरपॉइंट' ठेवलं. एप्रिल १९८७मध्ये ती बाजारात आली, तीही फक्त मॅकिंटॉशवर, आणि रंगरूप म्हणाल तर निव्वळ काळंपांढरं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक कोटी चाळीस लाख डॉलर मोजून ती कंपनीच विकत घेतली. विंडोजवर यायला तिला १९९० उजाडलं. सुरुवातीला ती पडद्यावर नाचत वगैरे नव्हती. ती मुकाट्याने पानं छापून द्यायची, त्या पानांच्या पारदर्शक शीट करायच्या आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या. नव्वदीत इंजिनिअरिंग केलेल्यांना आठवत असेल, सर शीटवर एक कोरा कागद ठेवायचे आणि तो ओळीओळीने खाली सरकवत मुद्दे उघडे करायचे. मुद्दे एकेक करून आत आणायची ही जी खोड आहे ना, तिचं मूळ त्या कागदात असावं असा मला दाट संशय आहे.

आता याहून खमंग ऐका. या गॅस्किन्सनी पॉवरपॉइंट काढायची योजना मांडली, ती कशात? चांगल्या त्रेपन्न पानांत, भरगच्च मजकुरात! सोबत डझनभर स्लाइड होत्या, त्या फक्त ठळक गोष्टींपुरत्या. पुढे २००७मध्ये, पीपीटीची विशी भरली तेव्हा, त्यांनी वर्तमानपत्राकडे कुरकुरही केली, की लोकांनी मूळ दस्तऐवज लिहिणंच सोडलं, नुसता गोषवारा करतात आणि त्यालाच सगळं म्हणतात. जन्मदात्याने चारचौघांत अशी तक्रार करायची म्हणजे पोरीचे प्रताप किती असतील बघा.

आपल्याकडे तिला घराघरांत नेलं एमएस-सीआयटी या संगणकाच्या कोर्सने. तालुक्याच्या गावी, स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागतं म्हणून तलाठी होऊ पाहणाऱ्यांपासून नव्या सुनांपर्यंत सगळे तिथे बसले आणि स्लाइड पडद्यासारखी उघडायची कशी ते शिकले. कोर्सने बटणं शिकवली, तो त्याचा धर्मच होता. पण मोठमोठ्या एमबीएवाल्यांची गत काय वेगळी आहे? तेही बटणांवरच अडलेत, फक्त फी जास्त भरून.

आता ऑफिसातली एकेक लफडी सांगते. सगळ्यात मोठं लफडं मथळ्याचं. नवशिक्याच्या स्लाइडवर वर काय लिहिलेलं असतं? 'विक्री अहवाल'. पुढच्या स्लाइडवर 'विक्री अहवाल (पुढे चालू)'. अरे बाबा, विक्रीचं झालं काय? वाढली, पडली, पळून गेली? 'नाशिकची विक्री मार्चपासून घसरते आहे, कारण माल वेळेवर पोचत नाही' असं सरळ वाक्य वर लिहिलं तर खाली एक आलेख पुरतो. पण असं वाक्य लिहायला धारिष्ट लागतं हो! वाक्य लिहिलं की माणूस पकडला जातो. 'नाशिक' म्हटलं की नाशिकवाले उभे राहणार, 'वेळेवर' म्हटलं की गोदामवाले चिडणार. त्यापेक्षा 'विक्री अहवाल' बरा, त्याच्यावर कोणी भांडत नाही. माझं स्पष्ट मत सांगू? पीपीटीत जी सजावट चालते ना, ती निम्मी काही बोलावं लागू नये म्हणूनच चालते.

यातलं एक प्रकरण मात्र हसण्यावारी नेता येत नाही. जानेवारी २००३मध्ये नासाचं कोलंबिया अवकाशयान उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज घेतला आणि तो नासापुढे स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता, चाचण्यांची आकडेवारी सुरक्षिततेच्या बाजूला झुकते, अशा अर्थाचा. आणि अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही खालच्या मुद्द्यात, बारीक अक्षरांत हे होतं, की आदळलेला तुकडा १,९२० घनइंचांचा आणि चाचणीतला ३ घनइंचांचा. ६४० पट! १ फेब्रुवारीला यान परतताना भंगलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने त्या स्लाइडची आपल्या अहवालात दखल घेतली, आणि माहिती कशी मांडावी याचे जाणकार एडवर्ड टफ्टी यांनी तिची ओळ न् ओळ सोलून दाखवली. पीपीटीने यान पाडलं असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण जी ओळ डोक्यावर असायला हवी होती, ती पायाशी पडली होती.

चला, पाणी प्या, मग पुढे बोलू.

अक्षरांचं काय सांगावं! गाय कावासाकी नावाचे ॲपलमध्ये काम केलेले एक गृहस्थ आहेत. त्यांचा सांगावा असा, की दहा स्लाइड, वीस मिनिटं आणि अक्षर तीस पॉइंटांपेक्षा लहान नको. आमच्याकडे अक्षर अकरा पॉइंटांचं असतं, आणि एक्सेलची अख्खी शीट फोटो काढून चिकटवलेली असते. वर बोलणारा निर्लज्जपणे म्हणतो, 'हे कदाचित मागच्यांना दिसणार नाही.' दिसणार नाही तर आणलंस कशाला रे? तो पाय चार्ट तर नेहमी तिरपा, जाड, थ्रीडी. तिरपा केला की पुढची फोड फुगून दिसते आणि मागची बिचारी चेपते, आकडे काहीही असोत. ज्याला आपलं खातं मोठं दाखवायचंय तो ते बरोबर पुढच्या बाजूला आणून बसवतो. हा योगायोग असतो असं मानणारी साधी माणसं जगात अजून आहेत. आणि ते दोन गोरे हात, हस्तांदोलन करणारे? आणि तो बिनचेहऱ्याचा पांढरा बाहुला, प्रश्नचिन्हाला टेकून उभा? क्लिप आर्टचं दुकान मायक्रोसॉफ्टने २०१४च्या डिसेंबरात बंद केलं, तरी हा बाहुला पुण्यातल्या निम्म्या कंपन्यांत विनापगारी राबतोय.

मराठी पीपीटीची तर वेगळीच अब्रू जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबांपुढे सादरीकरण असतं. रात्रभर जागून कोणी तरी कृतिदेव नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये सुंदर स्लाइड करतो, पेनड्राइव्ह सभागृहातल्या संगणकाला लावतो, आणि 'जलसंधारण'च्या जागी पडद्यावर कंस, टक्के आणि उलटसुलट रोमन अक्षरं! साहेब चष्मा पुसतात. दोष साहेबांच्या डोळ्यांत नसतो. ते जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवून चालायचे, ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे सोंग उघडं पडतं. युनिकोडमध्ये लिहिलं तर अक्षर कुठेही अक्षरच राहतं, आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' किंवा 'बलू'सारखा फॉन्ट फुकट मिळतो, पडद्यावर देखणाही दिसतो. सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच बसवून द्यायची सोय आहे. पण नाही! शिवाय मजकूर मावत नाही म्हणून दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने आवळतात, मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. मराठी दोन मजली भाषा आहे, तिला वर-खाली जागा लागते, हे त्या टेम्प्लेट करणाऱ्याला कोण सांगणार?

आणि लोगो! प्रत्येक स्लाइडवर हाताने चिकटवलेला. पुढची स्लाइड आली की तो किंचित डावीकडे सरकतो, त्याच्या पुढच्या स्लाइडवर थोडा वर जातो. पीपीटी भराभर पुढे नेली तर लोगो चालताना दिसतो. व्ह्यूमध्ये स्लाइड मास्टर नावाची जागा असते, तिथे एकदा बसवला की सगळीकडे जागच्या जागी राहतो. हे दहा-दहा वर्षं नोकरी झालेल्यांनाही माहीत नसतं. मी त्यांच्याकडे बघून कळवळते.

मोठ्या घरांतही काही कमी तमाशे झाले नाहीत. काबुलमध्ये २००९ साली अमेरिकन सेनापती मॅकक्रिस्टल यांना अफगाण युद्धाचं सगळं गुंतागुंतीचं गणित एकाच स्लाइडवर दाखवलं गेलं. इकडून तिकडे इतक्या रेघा, की हे चित्र समजेल तेव्हा आपण युद्ध जिंकलेलं असू, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४मध्ये वरच्या मंडळींच्या बैठकीतून पीपीटीला चक्क हाकललं. आता तिथे सहा पानी टिपण येतं आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण तोंडाला कुलूप लावून ते वाचतात. आपल्याकडे असं करून पाहा बरं. दुसऱ्या मिनिटाला कोणी तरी विचारेल, 'चहा सांगू का?'

आता तर एआय आलंय. एक ओळ लिहा, अख्खी पीपीटी तयार. तीन रकाने, तीन चिन्हं, तळाशी 'पुढील वाटचाल'. तुम्हाला वाटलं हे नवीन? अहो, नव्वदीतच पॉवरपॉइंटमध्ये ऑटोकंटेंट विझार्ड नावाचा एक मदतनीस होता, तो विषय विचारून तयार मुद्दे हातात ठेवायचा. वाईट बातमी कशी सांगावी याचासुद्धा साचा होता त्याच्याकडे! २००७च्या आवृत्तीत त्याला घरी पाठवलं. आता तो जास्त शिकून परत आलाय एवढंच. काय म्हणायचंय ते मात्र त्यालाही तुम्हीच सांगायचं असतं, आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं निघालं. माझ्या भाचीच्याच ऑफिसात सांगलीकडची एक मुलगी लागलीय. वर्ष नसेल झालं. तिला सांगितलं, तिमाही आढावा तू मांड. तिने काय करावं? दुपारभर संगणक उघडलाच नाही! वहीच्या पानावर चौकोन आखले आणि प्रत्येकात एकेक वाक्य लिहीत बसली. शेजारच्याने वाकून पाहिलं, तर ती वाक्यं क्रमाने वाचली की गोष्ट पूर्ण होत होती, खाली काही नसलं तरी. मग मीटिंगमध्ये गेली ती पाच स्लाइड घेऊन. फक्त पाच! आकड्यांचा तपशील दोन पानांवर छापून आधीच सगळ्यांच्या हातात दिलेला. 'आजचा अजेंडा' नाही, कंपनीचा इतिहास नाही, जगाचा नकाशा नाही. तिसऱ्या स्लाइडवर साहेबांनी अडवून काहीतरी विचारलं, तर या मुलीने कीबोर्डवर 'बी' दाबलं आणि पडदा काळा! सगळ्यांना वाटलं प्रोजेक्टर गेला, एक जण वायर हलवायला उठलासुद्धा. ती शांतपणे म्हणाली, 'सर, याचं उत्तर स्लाइडवर नाही, मी सांगते.' आणि सांगितलं. भर मीटिंगमध्ये, माणसांकडे बघत, तोंडाने! मग पुन्हा 'बी', पडदा उजळला, पुढची स्लाइड. शेवटीही 'धन्यवाद' नाही. शेवटच्या स्लाइडवर वाक्य होतं, 'नागपूरला दुसरी गाडी मंजूर करावी', आणि खाली खर्च.

गाडी मंजूर झाली. पंचवीस मिनिटांत मीटिंग संपली आणि खोली तासाभरासाठी घेतलेली, त्यामुळे उरलेला वेळ कोणाला कुठे बघावं कळेना. कँटीनमध्ये नुसता धुरळा! एक म्हणे, तयारीच केली नव्हती तिने. दुसरा म्हणे, इतक्या कमी स्लाइड म्हणजे वरिष्ठांचा अपमान. तिसऱ्याने हळूच विचारलं, पडदा काळा करायचं ते बटण नेमकं कुठलं?

आता तिच्याकडे रांग लागलीय. जो तो आपली चाळीस स्लाइडची फाइल रात्री पाठवतो, 'जरा छान करून दे'. ती प्रत्येकाला एकच उलट प्रश्न विचारते, की हे पाहून समोरच्याने काय ठरवावं असं तुम्हाला वाटतं? बहुतेक जण निळ्या टिका उमटवून गप्प बसतात. एका साहेबांनी मात्र परवा उत्तर पाठवलं. नवी स्लाइड करून पाठवली, मथळा 'अपेक्षा', खाली सात मुद्दे, आणि सातही उजवीकडून उडत आले म्हणे.